कोवळ्या तारकागुच्छांवर तारकासमुदायाचे मॉडेल कसे पारखावे

मराठवाड्यातील महाविद्यालयांत एमएस्सी भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी तारकागुच्छ, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह, हा विषय घ्यावा असे मी आवर्जून सुचवतो. ताऱ्यांची अंतरे, हालचाली व तेज मोजणाऱ्या गाया उपग्रहाची माहिती पुण्यात जितकी मोफत मिळते तितकीच ती परभणीत, धाराशिवला किंवा एखाद्या तालुक्याच्या गावीही मिळते, आणि तिच्यासाठी स्वतःची दुर्बीण लागत नाही. अडचण एवढीच की असे प्रकल्प बहुधा ‘गुच्छाचे वय इतके आले’ या वाक्यापाशी येऊन थांबतात. तोंडी परीक्षेतही तेवढेच विचारले जाते आणि तेवढ्यावरच गुण पडतात. वास्तविक ताऱ्यांचे रंग आणि प्रती (तेजाचे माप; आकडा लहान तितका तारा तेजस्वी) मांडणाऱ्या रंग-प्रत आलेखातील ठिपक्यांवर मॉडेलची रेषा बसवली की कुठलेतरी वय येतेच. मॉडेल चुकीचे असले तरी येते, आणि कित्येकदा दिसायला सुबकही येते. वय काढणे आणि मॉडेल पारखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पारखायचे असेल तर मॉडेल नापास होऊ शकेल अशी परीक्षा मांडावी लागते, आणि पुढे सांगितलेली सगळी खटपट त्याच एका गोष्टीसाठी आहे.

परीक्षा नेमकी कशाची?

तारकासमुदायाचे मॉडेल म्हणजे एकावर एक रचलेले तीन अंदाज असतात. पहिला एकेका ताऱ्याच्या आयुष्याचा: गाभ्यातील हायड्रोजन किती काळ पुरेल, संवहनामुळे, म्हणजे उष्ण वायूच्या ढवळण्यामुळे, गाभ्याबाहेरचे इंधन किती आत ओढले जाईल, स्वतःभोवती वेगाने फिरण्याने काय बदलेल, तारकीय वाऱ्याबरोबर किती वस्तुमान निघून जाईल. दुसरा, जन्माच्या वेळी कोणत्या वस्तुमानाचे किती तारे असतील याचा. एडविन साल्पीटर यांनी १९५५ मध्ये या वाटपाचा घातांक २.३५ मांडला, तर पावेल क्रूपा यांच्या २००१ च्या मांडणीत तो अर्ध्या सौर वस्तुमानाच्या वर २.३ आणि त्याखाली १.३ आहे. तिसरा अंदाज रूपांतराचा, म्हणजे ताऱ्याचे तापमान व तेज ठाऊक असता विशिष्ट फिल्टरमधून त्याची प्रत आणि रंग काय दिसेल याचा. पार्सेक (PARSEC) आणि मिस्ट (MIST) या मॉडेलांच्या संकेतस्थळांवरून आयसोक्रोन, म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या पण वेगवेगळ्या वस्तुमानाच्या ताऱ्यांना जोडणाऱ्या समवय रेषा, थेट उतरवून घेता येतात. स्टारबर्स्ट९९, बीपास आणि स्लग हे प्रोग्रॅम तिन्ही अंदाज एकत्र करून अख्ख्या समुदायाचा प्रकाश काढून देतात. गुच्छाशी मॉडेल जुळले नाही तर तिन्हींपैकी कोणता थर चुकला हे सांगता यावे लागते. म्हणून सुरुवातीलाच वहीत एक ओळ लिहून ठेवावी की या प्रकल्पात कोणता थर परीक्षेला बसला आहे आणि कोणते दोन गृहीत धरले आहेत.

कोवळे गुच्छच का, याचे उत्तर वजनदार ताऱ्यांच्या अल्पायुष्यात आहे. सूर्याच्या आठपट वस्तुमानाचा तारा साडेतीन ते चार कोटी वर्षांत संपतो आणि वीसपट वस्तुमानाचा एक कोटीच्या आसपास. त्यामुळे असे तारे एकत्र, एकाच वयाचे आणि एकाच अंतरावर पाहायचे तर कोवळ्या गुच्छांवाचून दुसरी जागा नाही. मॉडेलही नेमके याच ताऱ्यांच्या बाबतीत सर्वांत डळमळीत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, ती कृष्णविवरांच्या ज्या टकरी टिपेल त्या किती वेळा व्हाव्यात याचे भाकीतही अशाच मॉडेलांतून येते. त्या भाकितांचा पाया वजनदार जोडताऱ्यांच्या उत्क्रांतीवर आहे, आणि तो पाया तपासण्याची एक जागा म्हणजे हे गुच्छ.

गुच्छ कोणता घ्यावा

पहिल्या खेपेला कृत्तिका घ्यावी. ती सुमारे १३६ पार्सेकवर (येथे पार्सेक हे अंतराचे एकक), म्हणजे साधारण ४४० प्रकाशवर्षांवर आहे, वाटेत धूळ थोडी आहे आणि गुच्छात हजाराहून अधिक तारे आहेत. कार्तिकात अंधार पडल्यावर गावाकडच्या गच्चीवरून तिचे जे सहा-सात तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, नेमके त्यांच्यावरच वयाचा सगळा भार असतो. मुख्य श्रेणी, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा रंग-प्रत आलेखातील पट्टा, सोडून वळू लागलेले तारे ते हेच. गंमत अशी की गायासाठी हेच तारे फार तेजस्वी ठरतात. तिसऱ्या प्रतीहून तेजस्वी ताऱ्यांची त्याची नोंद तुटक आहे, म्हणून वरच्या टोकाच्या ताऱ्यांसाठी जमिनीवरील जुनी प्रकाशमापने वेगळी जोडून घ्यावीत आणि ती वेगळ्या फिल्टरमधील आहेत हे विसरू नये.

दुसऱ्या खेपेला ययातीतील जुळा गुच्छ, एनजीसी ८६९ आणि ८८४, घेता येतो. त्याचे वय सुमारे १.४ कोटी वर्षे आणि अंतर सुमारे २३०० पार्सेक आहे. कृत्तिकेत नसलेले तांबडे महाराक्षसी तारे, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस प्रचंड फुगलेले वजनदार तारे, त्याच्या परिसरात आहेत, आणि धूळही बरीच आहे. थेट त्याच्यापासून सुरुवात केल्यास मॉडेलचा दोष कोणता आणि धुळीचा कोणता हे कळेनासे होते, म्हणून घाई करू नये.

सभासद तारे निवडताना

गायाच्या संग्रहात एडीक्यूएल या खगोलीय माहितीसाठीच्या संगणकीय भाषेत प्रश्न विचारून माहिती उतरवता येते. कृत्तिकेसाठी विषुवांश ५६.६ अंश व क्रांती २४.१ अंश (आकाशातील जागा सांगणारे दोन आकडे) हे केंद्र आणि ५ अंशांची त्रिज्या घ्यावी. १३६ पार्सेक अंतरावर ही त्रिज्या सुमारे १२ पार्सेक भरते. एवढ्या वर्तुळात पुढे-मागे असलेले ताऱ्यांचे प्रचंड रान येते, म्हणून पराशयाची (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकलेला दिसतो त्या कोनाची; तो मोठा तितका तारा जवळ) अट प्रश्नातच घालावी. पराशय ६ ते ९ मिलिआर्कसेकंद (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग) आणि पराशय भागिले त्याची त्रुटी १० पेक्षा जास्त, एवढ्या अटींवर फाइल लहान होते व मोबाइलच्या नेटवरही सहज उतरते. दुसऱ्या अटीत एक मेख आहे. ती मंद ताऱ्यांना आपोआप गाळते, म्हणून कोणत्या प्रतीपर्यंत ती निर्धोक आहे हे तपासून पुढचे काम तेवढ्याच प्रतीपर्यंत करावे.

नंतर टॉपकॅट या तक्ते व आलेखांच्या प्रोग्रॅममध्ये निजगतीचा, म्हणजे ताऱ्यांच्या आकाशातील वार्षिक सरकण्याचा, आलेख काढावा. एका अक्षावर पूर्वेकडील, दुसऱ्यावर उत्तरेकडील निजगती घेतली की वर्षाला सुमारे +२० आणि −४५ मिलिआर्कसेकंदांपाशी ठिपक्यांचा घट्ट पुंजका उठून दिसतो. त्याच्याभोवती काही मिलिआर्कसेकंदांचे वर्तुळ काढावे, आणि तेवढ्याच आकाराचे एक वर्तुळ त्याच आलेखावर पुंजक्यापासून दूर, पण मागच्या ताऱ्यांची दाटी साधारण तेवढीच असेल अशा जागी काढावे. दुसऱ्या वर्तुळात जितके तारे सापडतील साधारण तितके परके तारे पहिल्यातही शिरलेले असणार. हा आकडा जपून ठेवावा. पुढे तो मॉडेलमध्ये घालायचा आहे.

येथे एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. सभासद निवडताना रंग-प्रत आलेखाकडे पाहू नये. रेषेपासून लांब पडलेले तारे ‘हे गुच्छातले नसावेत’ म्हणून पुसून टाकण्याचा मोह फार होतो, आणि ते पुसले की मॉडेल कधीच चुकत नाही. निवड केवळ जागा, पराशय आणि निजगती यांवर व्हावी. रंग हा परीक्षेचा प्रश्न आहे, तो प्रवेशाच्या अटींत आणू नये.

असाच एक सूक्ष्म सापळा रुवे या निर्देशांकाचा आहे. एका ताऱ्याच्या सरळ हालचालीशी मापने किती जुळतात हे तो सांगतो, आणि १.४ च्या वरचे तारे गाळण्याची सर्रास पद्धत आहे. पण जोडताऱ्यांची मापने एका ताऱ्याच्या हालचालीशी जुळत नाहीत, म्हणून ते नेमके या चाळणीत अडकतात. जोडताऱ्यांचे प्रमाण तपासायचे असेल तर ही चाळणी लावू नये, किंवा लावल्यास पुढे मॉडेलपासून घडवायच्या कृत्रिम गुच्छालाही तशीच लावावी.

अंतर आणि धूळ

अंतर मॉडेलकडून घेऊ नये. कृत्तिकेचा सरासरी पराशय सुमारे ७.३६ मिलिआर्कसेकंद आहे. हजाराला त्याने भागले की १३६ पार्सेक येतात आणि अंतर-मापांक, म्हणजे अंतरामुळे प्रतीत पडणारा फरक, ५.६७ भरतो. गायाचे पराशय किंचित कमी भरतात, ही तूट अतिदूरच्या क्वेसारांवरून सरासरी ०.०१७ मिलिआर्कसेकंद काढलेली आहे आणि ताऱ्याची प्रत व रंग यांप्रमाणे ती बदलते. ती ०.०४ धरली तरी कृत्तिकेला तिचा फरक अर्धा टक्काच पडतो, परंतु जुळ्या गुच्छाचा पराशयच मुळात ०.४३ च्या आसपास असल्याने तेथे हाच फरक नऊ टक्क्यांवर जातो आणि अंतर-मापांक जवळजवळ ०.२ प्रतीने हलतो. वळणबिंदू, म्हणजे आलेखात तारे मुख्य श्रेणी सोडून वळतात ती जागा, ०.२ प्रतीने वर-खाली झाला की वय हलते. तेव्हा जुळ्या गुच्छासाठी ही दुरुस्ती सोडून चालणार नाही.

कृत्तिकेच्या अंतराची हकिकत या विषयात मुद्दाम लक्षात ठेवावी. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिपार्कोस उपग्रहाच्या सूचीतून हे अंतर १२० पार्सेकपेक्षाही कमी आले. मॉडेलवर आधारलेली मुख्य श्रेणी जुळवण्याची पद्धत मात्र ते १३० च्या पुढे सांगत होती. हिपार्कोसचे खरे मानले तर कृत्तिकेचे तारे मॉडेलच्या मानाने मंद ठरत होते, आणि मॉडेलमध्येच काही तरी चुकते आहे असा निष्कर्ष काढावा लागत होता. २०१४ मध्ये एकमेकींपासून दूर असलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या मापनाने १३६.२ पार्सेक हे अंतर दिले आणि पुढे गायानेही तेच सांगितले. त्या वेळी नापास झाले ते निरीक्षण. त्यामुळे विसंगती दिसली की दोष मॉडेलच्या पदरात घालण्यापूर्वी आपल्या मापनाची एक तरी स्वतंत्र तपासणी करावी.

धुळीचे काम कृत्तिकेत हलके आहे: दृश्य प्रकाशात सरासरी ०.१२ प्रतीची घट होते. जुळ्या गुच्छात ती दीड प्रतीच्या पुढे जाते आणि गुच्छाच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे बदलते. गायाचा जी पट्टा, म्हणजे त्याचा मुख्य फिल्टर, इतका रुंद आहे की त्यात निळ्या ताऱ्याचा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त घटतो. सर्वांना एकच आकडा लावला तर मुख्य श्रेणीच थोडी वाकते आणि तो वाक मॉडेलचा दोष वाटू लागतो. म्हणून निरीक्षणातून धूळ वजा करण्याऐवजी मॉडेलच्या प्रत्येक ताऱ्यावर त्याच्या तापमानाप्रमाणे धूळ चढवावी.

कृत्रिम गुच्छ रचणे

ठिपक्यांमधून रेषा काढण्याऐवजी मॉडेलपासून एक खोटा गुच्छ घडवावा आणि खऱ्याशेजारी ठेवावा, हा या सगळ्या पद्धतीचा गाभा आहे. पायथॉनमध्ये हे काम शे-दोनशे ओळींत होते. क्रूपाच्या वाटपातून वस्तुमाने उचलावीत. ठरवलेल्या प्रमाणात काही ताऱ्यांना जोडीदार द्यावेत आणि दोघांचा प्रकाश एकत्र करावा. आयसोक्रोनवरून प्रत व रंग वाचावेत. अंतर आणि धूळ चढवावी. प्रत्येक प्रतीला गायाइतकीच त्रुटी यदृच्छया मिसळावी. मंद तारे निसटण्याची शक्यता लावून काही गाळावेत. शेवटी मघाशी मोजलेले परके तारे शिंपडावेत. सारख्याच दोन ताऱ्यांची जोडी एकट्या ताऱ्यापेक्षा ०.७५ प्रतीने तेजस्वी दिसते, म्हणून खऱ्या आलेखात मुख्य श्रेणीच्या वर तेवढ्याच उंचीवर एक समांतर पट्टा दिसतो. कृत्रिम गुच्छात तो उमटला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

असे हजार गुच्छ करावेत. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा दर पन्नास गुच्छांनंतर निकाल फाइलमध्ये लिहून टाकण्याची सोय प्रोग्रॅममध्येच ठेवावी आणि यदृच्छ संख्यांचे बीजही नोंदवावे, म्हणजे तोच गुच्छ पुन्हा काढता येतो.

तुलना करताना आलेखाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील तारे मोजतात. बऱ्याच चौकोनांत शून्य, एक किंवा दोनच तारे असल्याने तेथे काय-वर्ग चाचणी फसवते आणि लहान मोजण्यांना चालणारी पॉयसाँची संभाव्यता वापरावी लागते. माझ्या मते याहून महत्त्वाची युक्ती वेगळी आहे. सगळ्या ताऱ्यांवर एकदम जुळवणी करू नये. मुख्य श्रेणीच्या मधल्या भागावर, समजा ०.८ ते १.५ सौर वस्तुमानाच्या ताऱ्यांवर, धूळ आणि जोडताऱ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे, ते गोठवावे आणि मग वरच्या टोकाला किती तारे कोठे असावेत व खालच्या टोकाला रेषा कोठून जावी याचे भाकीत हजार कृत्रिम गुच्छांतून काढावे. खरा गुच्छ त्या हजारांत मधोमध बसतो की टोकाला जातो ते पाहावे. जो भाग जुळवणीत वापरलेलाच नाही, तेथेच मॉडेलला नापास होण्याची खरी संधी मिळते.

दुसरे घड्याळ

वरच्या टोकाची परीक्षा घ्यायची तर वय बाहेरून आणावे लागते. वळणबिंदूवरून वय काढून त्याच वयाने वळणबिंदू तपासणे म्हणजे विद्यार्थ्यानेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे. कृत्तिकेत असे दुसरे घड्याळ आहे, आणि ते गुच्छाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, सर्वांत मंद ताऱ्यांत आहे.

कमी वस्तुमानाचा कोवळा तारा आकुंचन पावत तापत जातो आणि गाभा सुमारे २५ लाख केल्विनला पोहोचला की त्यातले लिथियम जळून जाते. असा तारा आरपार ढवळला जात असल्याने गाभ्यात लिथियम संपले म्हणजे पृष्ठभागावरही संपले. वजनदार ताऱ्यांत हे लवकर घडते, हलक्यांत उशिरा. म्हणून गुच्छात एक सीमा तयार होते, जिच्यापेक्षा तेजस्वी ताऱ्यांत लिथियम नसते आणि मंद ताऱ्यांत ते टिकून असते. वय वाढेल तशी ही सीमा मंद ताऱ्यांकडे सरकते. हे घड्याळ आकुंचनाच्या साध्या भौतिकीवर चालते आणि वजनदार ताऱ्यांच्या गाभ्यातील संवहनाशी त्याचा संबंध नाही, हेच त्याचे मोल. १९९८ मध्ये जॉन स्टॉफर आणि सहकाऱ्यांनी हवाईच्या केक दुर्बिणीने कृत्तिकेतील अतिमंद ताऱ्यांचे वर्णपट घेऊन ही सीमा शोधली आणि वय १२.५ कोटी वर्षे काढले. त्याआधी संवहनी गाभा हद्दीबाहेर पसरत नाही असे मानणाऱ्या मॉडेलांनी वळणबिंदूवरून सात ते आठ कोटी वर्षे सांगितली होती.

याच तफावतीतून परीक्षा मांडता येते. वय ११ ते १३ कोटी वर्षांत बांधून टाकावे आणि गाभ्याचा विस्तार नसलेली व असलेली, अशा दोन्ही प्रकारच्या आयसोक्रोनमधून कृत्रिम गुच्छ काढावेत. विस्तार नसेल तर ताऱ्यांना इंधन कमी मिळते, ते लवकर संपतात, आणि एवढ्या वयाला वळणबिंदू प्रत्यक्षापेक्षा मंद ताऱ्यांवर येतो. आकाशात मात्र त्याहून तेजस्वी निळे तारे अजून मुख्य श्रेणीवर आहेत. मॉडेल येथे हरते, आणि कोणत्या कारणाने हरले हेही कळते.

तरीही येथे जपून बोलावे. वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यातही इंधन ढवळून गाभ्यात येते आणि आयुष्य वाढते, म्हणून गाभ्याचा विस्तार आणि फिरण्याचा वेग यांचे परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात. मिस्टमध्ये न फिरणाऱ्या आणि क्रांतिक वेगाच्या (ज्याहून वेगाने फिरल्यास तारा विखरू लागेल त्या वेगाच्या) ०.४ पट वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांच्या वेगवेगळ्या आयसोक्रोन मिळतात; दोन्ही लावून पाहाव्यात. शिवाय कृत्तिकेच्या वळणबिंदूपाशी मोजकेच तारे आहेत, त्यांतला ॲटलस हा जोडतारा आहे आणि प्लायोनी इतक्या वेगाने फिरतो की त्याच्याभोवती वायूची चकती आहे. एवढ्याशा साक्षीदारांवरून दोन कारणांपैकी एक निवडता येत नाही.

न जुळण्याचे वाचन

खालच्या टोकाला, के आणि एम वर्गाच्या, म्हणजे थंड व तांबूस ताऱ्यांत, बहुतेक मॉडेल कृत्तिकेशी जुळत नाहीत असे दिसेल. घाबरण्याचे कारण नाही. कोवळे खुजे तारे वेगाने फिरतात, त्यांच्यावर मोठाले चुंबकीय डाग असतात आणि साध्या मॉडेलमध्ये हे डाग नसतात. कृत्तिकेतील के तारे निळ्या पट्ट्यातील रंगात अपेक्षेपेक्षा निळे दिसतात, पण अवरक्ताशी काढलेल्या रंगात तसे दिसत नाहीत. म्हणून एकाच रंगावर विसंबू नये; गायासोबत टूमास (2MASS) या अवरक्त सर्वेक्षणाच्या जे आणि के पट्ट्यांतील प्रती जोडून घ्याव्यात. तफावत रंगागणिक बदलत असेल तर तिसऱ्या थराकडे किंवा डागांकडे बोट जाते. सर्व रंगांत सारखी असेल तर अंतर, धूळ किंवा ताऱ्याची त्रिज्या यांकडे.

वळणबिंदूपाशी मुख्य श्रेणी रेषेसारखी न दिसता पंख्यासारखी पसरलेली दिसली, तर एकाच गुच्छात वेगवेगळ्या वयाचे तारे आहेत असे चटकन वाटते. मोठ्या मॅगेलानी मेघातील, सुमारे वीस कोटी वर्षे वयाच्या एनजीसी १८६६ सारख्या गुच्छांत असा पसारा दिसल्यावर या प्रश्नावर बरीच वर्षे वाद झाला. निकाल बहुतांशी फिरण्याच्या बाजूने झुकला आहे. वेगाने फिरणारा तारा ध्रुवांपाशी उष्ण व विषुववृत्तापाशी थंड असतो, त्यामुळे कोणत्या बाजूने दिसतो यावरही त्याचा रंग ठरतो. त्यातही मला पटलेला पुरावा असा की पसाऱ्यावरून काढलेला वयातला फरक हा गुच्छाच्या वयाबरोबर वाढत जातो. ताऱ्यांचा जन्म खरोखरच लांबलेला असता तर असा संबंध दिसण्याचे कारण नव्हते.

दूरच्या गुच्छांचा एकत्रित प्रकाश

देवयानी दीर्घिकेच्या पलीकडे गेले की गुच्छातले तारे सुटे दिसत नाहीत, फक्त एकूण रंग मोजता येतो. येथे सर्वांत मोठा धोका संख्येचा आहे, आणि तो कागदावरच समजून घेता येतो. हजार सौर वस्तुमानाचा गुच्छ घ्यावा. क्रूपाच्या वाटपाप्रमाणे त्यात आठपटींहून वजनदार असे सुमारे दहा तारे जन्मतात. एक कोटी वर्षांनंतर त्यांतले तांबड्या महाराक्षसी अवस्थेत किती असतील? ही अवस्था आयुष्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच टिकते, म्हणून सरासरी अपेक्षा अर्ध्या ताऱ्याच्या आसपास येते. सरासरी ०.५ असेल तर पॉयसाँच्या नियमाने १०० पैकी ६१ गुच्छांत असा एकही तारा नसेल, ३० गुच्छांत एक असेल आणि ९ गुच्छांत दोन किंवा अधिक. अवरक्तात असा एकच तारा उरलेल्या सगळ्या गुच्छाला झाकून टाकतो. म्हणजे वय, वस्तुमान, धूळ सर्व सारखे असूनही ६१ गुच्छ निळे आणि बाकीचे तांबडे दिसतील, आणि अर्धा तारा असलेला ‘सरासरी’ गुच्छ, जो स्टारबर्स्ट९९ चे नेहमीचे गणित देते, तो त्यांच्यात कोठेच नसेल. सुमारे दहा हजार सौर वस्तुमानाखालील गुच्छांसाठी म्हणूनच स्लगसारखा, एकेक तारा यदृच्छया उचलणारा प्रोग्रॅम वापरावा आणि तुलना रंगांच्या विखुरण्याशी करावी, सरासरी रेषेशी नव्हे.

त्यामुळेच लहान गुच्छ एकेकटे न तपासता पुष्कळ एकत्र घ्यावेत. हबल दुर्बिणीच्या देवयानी सर्वेक्षणातील ८५ कोवळ्या गुच्छांचे सुटे तारे मोजून डॅनियल वाइझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वजनदार बाजूचा घातांक २.४५ काढला, साल्पीटरपेक्षा किंचित तीव्र. एकट्या गुच्छातून एवढा बारीक फरक हाती लागला नसता.

वय आणि धूळ यांची गल्लत हा दुसरा धोका आहे. धुळीआडचा कोवळा गुच्छ आणि धूळ नसलेला जुना गुच्छ दोन-तीन फिल्टरमध्ये सारखेच दिसतात. अतिनील पट्टा आणि आयनीभूत वायूतून येणारी हायड्रोजन-अल्फा रेषा हाताशी असली की ही गल्लत बरीच सुटते. एकट्या ताऱ्यांच्या मॉडेलमध्ये वायूचे आयनीभवन करणारा प्रकाश सुमारे ५० लाख वर्षांनंतर झपाट्याने ओसरतो, तर जोडताऱ्यांची देवाणघेवाण धरणाऱ्या बीपासमध्ये तो अधिक काळ टिकतो. ह्यूग साना आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की ओ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत उष्ण व वजनदार अशा, ७० टक्क्यांहून अधिक ताऱ्यांची आयुष्यात केव्हा तरी जोडीदाराशी अशी देवाणघेवाण होते. त्यामुळे कोवळ्या गुच्छांच्या परीक्षेत जोडतारे वगळलेले मॉडेल एकटे वापरणे मला समर्थनीय वाटत नाही.

अतिनील माहितीसाठी परदेशाकडेच पाहायला नको. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील यूव्हीआयटी दुर्बिणीची निरीक्षणे इस्रोच्या संग्रहातून मिळतात, आणि त्यांचे दृश्यक्षेत्र सुमारे २८ आर्कमिनिटांचे असल्याने आकाशात लहान दिसणारा गुच्छ एका चित्रात मावतो. वीस हजार केल्विनच्या वरच्या ताऱ्यांचे दृश्य रंग जवळजवळ सारखेच दिसतात, त्यांना तापमानाप्रमाणे वेगळे करायचे तर अतिनीलच लागते. प्रक्रिया करताना अडचण आली तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राशी संबंध असलेले प्राध्यापक आपल्या विद्यापीठांतही असतात, त्यांना विचारावे.

जुळ्या गुच्छाकडे वळताना क्रम असा ठेवावा. कृत्तिकेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम तसाच घ्यावा, त्यात अंतर, धूळ आणि वय बदलावे, पण जोडताऱ्यांचे प्रमाण मात्र जसेच्या तसे नेऊ नये, कारण वजनदार ताऱ्यांत ते बरेच अधिक असते. मग वरच्या टोकाच्या निळ्या आणि तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांची अपेक्षित संख्या व तिचा विस्तार, फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या अशा दोन्ही मॉडेलांतून काढून तारखेनिशी प्रकल्पाच्या वहीत लिहावी, मार्गदर्शकांची सही घ्यावी आणि त्यानंतरच गायाच्या संग्रहात एनजीसी ८६९ आणि ८८४ साठीचा प्रश्न पाठवावा.